गाळलेली सहा वाक्यं

सिस्टर एल्सी यांचं नाव मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला पळवाट राहणार नाही. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. आणि ज्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते, ती मी त्यांच्याच टेबलाशेजारी बसून, त्यांच्या देखत, त्यांना कळू न देता केली.

आदिलाबादहून मावल्याकडे जाताना सिस्टर लोकांची एक कॅथलिक शाळा लागते. इंग्रजी माध्यमाची, मागे मुलींचं वसतिगृह. नाव लिहीत नाही, कारण चूक शाळेची नाही. तिथे मी अठ्ठावीस वर्षं नोकरी करतो आहे. लागलो तेव्हा बारावी पास शिपाई होतो. आज ऑफिसचा मोठा क्लार्क आहे आणि बी.ए. आहे. आमच्या घरात, भावकीत आणि वस्तीत पदवी घेणारा मी पहिला. आईवडील दुसऱ्याच्या वावरात राबणारे. ही पदवी माझ्या हुशारीनं आली असं मी चारचौघांत कधी म्हणालो नाही, ते बरंच केलं.

संध्याकाळची चॅपलमधली प्रार्थना आटोपली की सिस्टर एल्सी मला व्हरांड्यात बसवून इंग्रजी शिकवत. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म त्यांनीच माझ्यापुढे टाकला. एकदा मी भीत भीत विचारलं, "सिस्टर, मी ख्रिस्ती व्हावं असं तुम्हाला वाटतं का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आधी पास हो," म्हणाल्या.

तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी बौद्ध होतो, बौद्धच राहिलो. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायचो आणि नाताळात शाळेतल्या देखाव्याच्या गोठ्यावर कडबा शाकारायचो. बाळ येशूच्या गोठ्याला ज्वारीचा कडबा लागतो, तो आमच्या हिंदू शेतकरी पालकांच्या बैलगाडीतून यायचा, आणि नाताळची तेलुगू गाणी म्हणणाऱ्या मुलींत निम्म्या आमच्या वस्तीतल्या असायच्या. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

आता माझं काम सांगतो. प्रवेशाचा फॉर्म, जन्मदाखला, आधीच्या शाळेचा दाखला, तहसीलचे कागद, हे सगळं जुळवायचं. म्हातारे पालक अर्ज द्यायला आले की अजूनही "दरखास्त द्याले आलो" असंच म्हणतात. पण जूनच्या दिवसांत माझं खरं काम वेगळंच असे. प्रवेशाआधी सिस्टर प्रत्येक पालकाशी स्वतः बोलत. त्या केरळच्या. तेलुगू त्या इथे येऊन इतकी छान शिकल्या होत्या की भाजीवाल्या त्यांना घाबरत. मराठी मात्र येत नव्हती, हिंदी जेमतेम. आणि सीमेवरच्या गावांतले पालक मराठी. कापूस विकण्यापुरती तेलुगू त्यांनाही यायची, पण पोटच्या पोराबद्दल बोलायला ती पुरत नसे. म्हणून सिस्टरांच्या टेबलाशेजारी एक खुर्ची माझी असे. दुभाषा हा शब्द माझ्या नेमणुकीच्या कागदात कुठेही नाही.

सिस्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला. याच शाळेत का?

एक शेतकरी म्हणाला, "बाई, तुमच्या शाळेत बूट घालाले लावते म्हनते. आमच्या वावराच्या रस्त्यानं साप लय हायत."

मी सिस्टरांना सांगितलं, "यांना शाळेची शिस्त आवडते."

एक आजीबाई नातवाला घेऊन आली. भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पोरगं मंग तुमच्या देवाचं होईन काय?" मी सिस्टरांना सांगितलं, "शाळेतली प्रार्थना कशी असते, असं त्या विचारतात." सिस्टरांनी मनापासून समजावलं. पहिल्या तासाला कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची नीतिपाठाला बसतात, सक्ती कोणावर नाही. मी आजीबाईला म्हणालो, "देव घरचाच राहील."

"अन् अभ्यास?"

"तो इथला."

"मंग ठेवा."

उलट दिशेनंही हेच. सिस्टर चिडून म्हणायच्या, "सांग यांना, तीन वेळा बोलावलं तरी आले नाहीत, हा बेजबाबदारपणा आहे." मी सांगायचो, "सिस्टर म्हणतात, जरा लक्ष असू द्या." बाप हात जोडून म्हणायचा, "बाई लय मायाळू हाय."

मला याचा अभिमान होता. आमच्या माणसांचं बोलणं धुऊन, इस्त्री करून मी त्या टेबलावर ठेवत होतो. एकदा सिस्टर म्हणाल्या, "रमेश, तुझी माणसं किती सुंदर विचार करतात!" तो सगळा दिवस मी हवेत होतो.

याची सुरुवात कुठे झाली तेही सांगायला हवं. मी बी.ए. झालो तेव्हा सिस्टर आमच्या घरी आल्या होत्या. आईनं भाकरी आणि ठेचा वाढला. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी ताट पुसून खाल्लं. मग त्यांनी विचारलं, मुलाचे वडील कशानं गेले? आई म्हणाली, "दारूनं गेला बाई. वीस वरसं पेला अन् गेला." मी सांगितलं, "काविळीनं." तसं ते खोटंही नव्हतं, शेवटी कावीळच झाली होती. आई कौतुकानं माझ्या तोंडाकडे पाहत होती. पोरगं इंग्रजी बोलून राह्यलं, एवढंच तिला कळत होतं.

त्यानंतर चारपाच वर्षांनी, जूनमध्येच, देवराव आले. आमच्या शेजारच्या गावचे, आमच्याच समाजाचे. माझ्याहून थोडे मोठे. तोंडओळख होती. सोबत दहा वर्षांची मुलगी, सुजाता. गावच्या मराठी शाळेत पाचवी झालेली. तिचे कपडे एका पिशवीत भरून त्यांनी सोबतच आणले होते. वसतिगृहात एक फुकट जागा शिल्लक होती आणि त्या दिवशी तिच्यासाठी दोन मुली होत्या. दुसरी मुलगी आईबाप दोन्ही गेलेली, तिची आजी तिला घेऊन आली होती.

सिस्टरांनी सुजाताला तेलुगूत नाव विचारलं. तिला कळलं नाही. ती बापाकडे पाहू लागली. सिस्टरांनी तिला दाराजवळच्या बाकावर बसायची खूण केली आणि देवरावांना नेहमीचा प्रश्न विचारला. मी तो मराठीत केला.

देवराव खुर्चीवर बसले नव्हते. टेबलाची कड धरून उभे होते. खाली मान घालून, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात बोलले.

"बाई, मी दारू पेतो. इची माय गेली तवापासून रोजच पेतो. पेऊन आलो का मले समजत नाई, मी पोरीले मारतो. माह्या भेवानं थे शेजारच्याच्या गोठ्यात जाऊन बसते. इले तुमच्या इथं ठेवून घ्या. अन् मले इले भेटू देऊ नोका."

सहा वाक्यं. मधे मधे थांबत त्यांनी ती पुरी केली, आणि डोळे पुसले.

सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. टेबलापलीकडे शाळेचे अकाउंटंट बसले होते, तेही पाहत होते. त्या दोघांना आता हे सांगायचं? आमच्या माणसाच्या तोंडून? ज्या माणसांचे विचार सुंदर आहेत असं सिस्टर म्हणाल्या होत्या, त्यातला हा? आणि हे सांगितलं की सिस्टर मान वळवून माझ्याकडे बघतील आणि त्यांना माझ्या बापाची कावीळ आठवेल, असं मला वाटलं. हे सगळं एका क्षणात झालं असं मी पूर्वी स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. विचार करायला मला पुरेसा वेळ मिळाला होता.

मी म्हणालो, "हे कापसाच्या जिनिंगवर कामाला आहेत. बायको वारली. मुलीकडे लक्ष द्यायला वेळ मिळत नाही. तिच्यावर चांगले संस्कार व्हावेत अशी त्यांची इच्छा आहे."

"ते रडले का?"

"बायकोची आठवण आली, सिस्टर."

सिस्टरांनी जराशानं पेन खाली ठेवलं. "दुसरीला कोणीच नाही. हिला बाप तरी आहे." मग पुन्हा मला म्हणाल्या, "घरी काही त्रास आहे का मुलीला? नीट विचार. तसं असेल तर शिलाईच्या खोलीत एक जादा खाट टाकता येईल."

मी देवरावांना काहीच विचारलं नाही. त्यांच्याकडे वळून, "गावात शाळा कितवीपर्यंत हाय?" एवढं विचारलं, आणि सिस्टरांना म्हणालो, "नाही, त्रास नाही."

जागा त्या दुसऱ्या मुलीला मिळाली. तिचं पुढे चांगलं झालं, ती आज नर्स आहे. तिला जागा मिळाली याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण जादा खाटेमुळे दोघींची सोय झाली असती. एकच वाक्य लागलं असतं.

गेटपर्यंत मी देवरावांना सोडायला गेलो.

"काय म्हने बाई?"

"जागा नाही म्हणाल्या."

"तुमी सांगतलं नं सर, सगळं?"

"सांगितलं."

"मी पेतो ते बी?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मंग बराबर हाय. असल्या मानसाची पोरगी कोन ठेवन?" आणि सुजाताच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेत, "चाल वं," म्हणाले.

शाळेत वर्षातून काही वेळा गावातून फादर येतात आणि कॅथलिक मुलं पापनिवेदनासाठी रांग लावतात. रांग नीट ठेवण्याचं काम माझं. एकदा मी सिस्टरांना विचारलं होतं, देवाला तर सगळं माहीत असतं, मग फादरना कशाला सांगायचं? त्या म्हणाल्या, "देवाला सांगणं सोपं आहे रे. माणसाला तोंडानं सांगणं कठीण असतं, म्हणून." देवराव येऊन गेले त्या वर्षापासून ती रांग लावताना मला हे वाक्य आठवायचं. देवरावांना या विधीची काही माहिती नव्हती, पण त्यांनी नेमकं तेच केलं होतं. आणि पौर्णिमेला विहारात शीलं म्हणताना मी चौथ्यापाशी अडखळायचो. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. देवरावांचं पाचवं मोडलं होतं आणि त्यांनी ते कबूल केलं होतं. माझं चौथं मोडलं होतं आणि शिक्षक कमी पडत म्हणून दर आठवड्याला वर्गात एक नीतिपाठ मीच घेत होतो.

सिस्टरांची केरळला बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात मी म्हणालो, सिस्टरांनी मला खरं बोलायला शिकवलं. टाळ्या पडल्या. सिस्टर पहिल्या रांगेत बसून रुमालानं चष्मा पुसत होत्या.

सुजाताबद्दल मला उडत उडत कळत राहिलं. शेजारच्या गावच्या तेलुगू शाळेत सातवीपर्यंत गेली, मग शाळा सुटली. लवकर लग्न झालं, भैंशा गावाकडे दिली. मी कधी चौकशीला गेलो नाही.

गेल्या जूनमध्ये देवराव ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. केस पांढरे, शर्ट स्वच्छ धुतलेला. मला वाटलं, नातीच्या प्रवेशासाठी आले असतील.

"वळखलं काय, सर?"

"देवरावदादा. या, बसा."

या वेळी ते बसले. "थे जुनी बाई हाय काय, सर?"

मी सांगितलं, त्या केरळला असतात, थकल्या आता.

"जित्या हायत नं पर?"

"आहेत."

"मंग तिले माहा एक निरोप धाडा. मी सोडली मनाव. सात साल झाले, हात नाई लावला." मग ते सगळं सांगत गेले. लग्नानंतर सुजाता माहेरी आलीच नाही. तिला मुलगी झाली तेव्हा ते बघायला गेले, तर तिनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं नाही. त्या दिवसापासून दारू सुटली. आता ते भैंशाला जिनिंगवर वॉचमन आहेत आणि लेकीकडेच राहतात.

"याच्या आधीच सोडाची होती, सर. पर काय झालं, सांगू काय? त्या बाईजवळ मी पयल्यांदा तोंड उघडलं होतं. देवाचं काम करते म्हनून. अन् तिनंच दार लावलं. मंग मनलं, हिच्यानं बी माफ होत नाई त आपलं काई खरं नाई. मंग पेतच गेलो. तिचा राग नाई मले. तिचं बराबर होतं. फक्त इतकं इचारा, आता तरी तिच्या मनात माह्याबद्दल काई नाई ना?"

त्या दिवशी मी "विचारतो" म्हणालो. समोर पालकांची रांग होती, हे कारण मला पुरलं. पण रविवारी मी भैंशाची बस धरली.

सुजाता अंगणवाडीत आया आहे. तिची मुलगी दारात खेळत होती. तिनं चहा ठेवला. देवराव खाटेवर, मी समोर. मी सगळं सांगितलं. तुम्ही बोललात त्यातलं एकही वाक्य मी सिस्टरांना सांगितलं नव्हतं. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. आणि गेटवर तुमच्याशीही.

देवराव ऐकत होते. मग हसले. "सर, तुमी लय चांगले मानूस हा. माह्या मनाले बरं वाटावं म्हनून सोतावर घेता काय?"

"नाही दादा, खरंच."

"राहू द्या, सर. म्हातारी बाई बोलत नसन आता, म्हनून तुमी असं सांगून राह्यले. समजते मले."

मी शपथ घेऊन सांगितलं तरी त्यांना पटेना. आयुष्यभर मी खोटं सांगितलं तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला. खरं सांगायला गेलो तर हे झालं.

सुजाता मात्र चुलीपाशी थांबली होती. कपबशी माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "मले खरं वाटते. मी बाकावर बसून होती. बाबा इतका येळ बोल्ले, अन् तुमी इतकसंच बोल्ले. मले वाटे, इंग्रजीत कमी शब्द लागत असन."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी चहा प्यालो. दुसरं काय करणार?

निघताना ती दारापर्यंत आली. "बाबा तुमचं नाई ऐकनार. बाईचंच ऐकन," म्हणाली.

घरी आलो आणि सिस्टरांना पत्र लिहिलं. पत्र इंग्रजीत होतं. इथे त्याचं मराठी देतो आहे. या वेळी काही गाळलेलं नाही.

आदरणीय सिस्टर,

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं इथल्या सिस्टरांकडून कळलं. पण हे पत्र तब्येत विचारायला लिहिलेलं नाही.

सतरा वर्षांपूर्वी देवराव नावाचे एक पालक सुजाता नावाच्या मुलीला घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्हाला कदाचित आठवणार नाही. तुम्ही मला विचारलं होतं, हे रडले का? मी म्हणालो, बायकोची आठवण आली. ते खोटं होतं. ते तुम्हाला सांगत होते की मी दारू पितो, बायको गेल्यापासून रोज पितो, शुद्ध नसते तेव्हा मुलीला मारतो, ती माझ्या भीतीनं गोठ्यात जाऊन बसते, तिला ठेवून घ्या. शेवटचं वाक्य होतं, मला तिला भेटू देऊ नका. असं वाक्य मी त्याआधी किंवा नंतर कुठल्याही पालकाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुम्ही ते ऐकलं असतं तर शिलाईच्या खोलीत खाट पडली असती. तुम्ही विचारलंतही. मी नाही म्हणालो.

मी हे का केलं? मला आमच्या माणसांची लाज वाटली. माझे वडीलही दारूनंच गेले. आमच्या घरी आई तुम्हाला तेच सांगत होती, आणि तेही मी बदललं होतं. तुमच्यापुढे स्वच्छ दिसावं म्हणून मी दुसऱ्याच्या मुलीला परत पाठवलं.

देवरावांना मी गेटवर सांगितलं की तुम्हाला सगळं कळलं आहे. तेव्हापासून ते समजतात की त्यांचं खरं ऐकून तुम्ही त्यांना नाकारलं. त्यांनी सात वर्षांपूर्वी दारू सोडली. तुमच्या मनात त्यांच्याबद्दल अजून काही आहे का, एवढंच त्यांना विचारायचं आहे. मी खरं सांगितलं, पण त्यांना वाटतं, मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलतो आहे.

तुम्ही मला माफ करावं असं मी या पत्रात मागत नाही. माझं नंतर. आधी त्यांना उत्तर द्या. इंग्रजीत लिहू नका. तुमची तेलुगू चांगली आहे आणि सुजाता तेलुगू वाचते. पत्ता तिच्या घरचाच खाली दिला आहे. शाळेच्या पत्त्यावर पाठवू नका, आणि माझ्याकडे तर नाहीच. ती वाचून दाखवील आणि ते ऐकतील. मी तिथे नसेन.

तुमचा विद्यार्थी,
रमेश